उसनी बुद्धी आणि लांबलेला निर्णय

आफ्रिकेचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षितांच्या बैठकीत दोनच सूर ऐकू येतात. एक कीव करणारा. दुसरा सगळा दोष वसाहतवादाच्या माथी मारून मोकळा होणारा. वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी आहेत, परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे आणि ते अपमानास्पद आहे. आफ्रिकेतील शिकलेला माणूस स्वतःच्या बुद्धीने विचार करील आणि त्या विचारावर ठाम उभा राहील, ही शक्यताच दोघांच्या हिशेबात नसते. माझे भांडण या गृहीतकाशी आहे. आणि त्याहून अधिक, ज्या आफ्रिकन सुशिक्षितांनी ते मुकाट्याने स्वीकारले त्यांच्याशी आहे.

वसाहतवादाने केलेली हानी नाकारण्याचे कारण नाही. १९६० साली बेल्जियमची सत्ता संपली तेव्हा कांगोसारख्या अवाढव्य देशात पदवीधरांची संख्या तीसपर्यंतही पोचत नव्हती. पण याच वस्तुस्थितीतून आणखी एक निष्कर्ष निघतो, जो सहसा कुणी काढत नाही. जिथे हजारोंच्या कष्टांवर एखादाच शिकतो, तिथे त्याची पदवी ही खासगी मिळकत उरत नाही. ते ऋण ठरते. खुर्ची आणि पगार मिळाल्याने ते फिटत नाही. ज्या समाजाने आपल्याला विचार करण्याची उसंत दिली, त्याच्या प्रश्नांचा स्वतंत्रपणे विचार करणे आणि वेळ येताच निर्णय घेणे, एवढाच ते फेडण्याचा मार्ग आहे.

असे ऋण फेडणारी माणसे आफ्रिकेत झाली नाहीत काय? १९६२ च्या जून महिन्यात कंपाला येथील मकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकन लेखकांची परिषद भरली. परिषद आफ्रिकन लेखकांची, पण पात्रता मात्र इंग्रजीतील लेखनाची! स्वाहिलीत किंवा योरुबात हयात घालवलेल्या साहित्यिकाला तिथे स्थान नव्हते. मोजक्या इंग्रजी कथा छापून आलेल्या एका विद्यार्थ्याला मात्र होते. तो विद्यार्थी म्हणजे पुढे ख्यातनाम झालेले केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थिओंगो. ही विसंगती त्यांनी मनाआड केली नाही. १९६८ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी नैरोबी विद्यापीठातील इंग्रजी विभागच रद्द करावा आणि आफ्रिकन साहित्य अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणावे, अशी मागणी केली. १९७७ मध्ये कामिरीथू या गावी शेतकऱ्यांना आणि कामगारांना बरोबर घेऊन गिकुयू भाषेतील नाटक रंगमंचावर आणले. सरकारने प्रयोगांचा परवाना काढून घेतला आणि वर्षअखेरीस लेखकाला खटल्याविना तुरुंगात डांबले. राज्यकर्त्यांवर कठोर टीका करणारी त्यांची इंग्रजी कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. परंतु पोलीस दाराशी आले ते गिकुयू नाटकानंतर. सत्तेला कशाची धास्ती वाटते, हे यावरून उमगावे. तुरुंगात शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली आणि पुढील कादंबऱ्यांसाठी तीच भाषा धरली. २८ मे २०२५ रोजी, मायदेशापासून दूर, त्यांचे निधन झाले. निर्णयाची किंमत त्यांनी पुरती चुकवली.

यावर कुणी विचारील, मग चिनुआ अचेबे यांचे काय? त्यांनी इंग्रजीच स्वीकारली. खरे आहे, पण त्यांनीही ती विचारपूर्वक स्वीकारली, आफ्रिकेचा अनुभव पेलण्यासाठी तिला वाकवले, आणि आपली भूमिका उघडपणे मांडली. याच ताठ कण्याने त्यांनी २००४ आणि २०११ असा दोनदा नायजेरियाचा राष्ट्रीय सन्मान नाकारला. दोघांचे निष्कर्ष भिन्न होते, परंतु दोघांचेही स्वतःचे होते. माझा आक्षेप इंग्रजीवर नाही. निर्णय न घेण्यावर आहे.

निर्णय न घेण्याचे उदाहरण टांझानियाचे. १९६७ पासून तिथे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून सुरू झाले. माध्यमिक शिक्षणही टप्प्याटप्प्याने स्वाहिलीतून द्यावे, अशी शिफारस १९८२ साली राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने केली. सरकारने ती बाजूला सारली. २०१५ साली जाहीर झालेल्या धोरणाने ती आशा पुन्हा जागवली, तरी माध्यमिक वर्गांतील माध्यम इंग्रजीच राहिले. विचार झाला होता, अहवाल तयार होता. कमी पडला तो निश्चय. मधल्या काळात पिढ्यान् पिढ्यांची मुले नीट न उमगणाऱ्या भाषेत धडे घोकत राहिली. लांबवलेला निर्णय हाही निर्णयच असतो. फक्त त्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

मात्र स्वतंत्र विचार म्हणजे केवळ पश्चिमेच्या उलट बोलणे नव्हे. दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकी हे विद्वान गृहस्थ. एचआयव्हीमुळे एड्स होतो, या सिद्ध शास्त्रीय निष्कर्षावर त्यांनी शंका घेतली आणि औषधोपचार लांबवले. आपण पाश्चात्त्यांचे अंधानुकरण करीत नाही, अशी त्यांची भावना होती. परंतु ज्या तर्कटावर त्यांनी विश्वास टाकला, तेही मूळचे पाश्चात्त्यच! २००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी या विलंबामुळे ३,३०,००० हून अधिक जीव गेल्याचा अंदाज मांडला. त्यांना विरोध कुणी केला? आफ्रिकन पुनरुज्जीवनाचे पुरस्कर्ते असलेले शास्त्रज्ञ मलेगापुरू विल्यम मकगोबा यांनी, रुग्णांच्या चळवळीने, आणि २००२ मध्ये गरोदर मातांना औषध देण्याचा आदेश देणाऱ्या त्याच देशाच्या घटनात्मक न्यायालयाने. स्वतंत्र बुद्धी इथे होती. अध्यक्षांपाशी होता तो हट्ट. जो विचार पुराव्याच्या कसोटीला उतरायला तयार नाही, तो कितीही स्वदेशी वाटला तरी उसनाच.

कसोटीला उतरलेला निश्चय कसा असतो, हे वंगारी मथाई यांनी दाखवले. १९८९ मध्ये नैरोबीच्या उहुरू उद्यानात सत्ताधारी पक्षाची साठ मजली इमारत परदेशी कर्जावर उभी राहणार होती. या विदुषीने साधे प्रश्न विचारले : जागा कोणाची, कर्ज कोण फेडणार, मोकळी हवा कोणाची जाणार? सत्ताधाऱ्यांनी त्यांची कुचेष्टा केली, पण त्या ढळल्या नाहीत. इमारत झाली नाही, उद्यान राहिले.

घरातील भाषा आणि दारापलीकडील भाषा यांतील ताण पिढ्यान् पिढ्या अनुभवलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना तरी हे सारे परके वाटू नये. निर्णय आज-उद्यावर टाकता टाकता काय काय हातचे जाते, हे आपण जाणतो. म्हणूनच आफ्रिकेची कीव करण्याचा उद्योग आपण सोडावा. तेथील सुशिक्षितांना आपल्या दयेची गरज नाही. त्यांच्यातील मकगोबांना आणि मथाईंना जो मान आपण देतो, तोच निकष त्यांच्यातील चालढकल करणाऱ्यांनाही लावावा. एखाद्याकडून काहीच अपेक्षा न करणे, हा त्याचा सर्वांत मोठा अवमान होय.