किनाऱ्यावरून उडा म्हणे!

गेल्या महिन्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते संरक्षण विषयावर बोलण्यात मुरलेले. तासाभरात त्यांनी पाणबुड्या, क्षेपणास्त्रं, ड्रोन सगळ्यांचा समाचार घेतला आणि शेवटच्या दहा मिनिटांत हेलिकॉप्टरवाहू जहाजांकडे वळले. ही जहाजं धड विमानवाहूही नाहीत आणि धड लढाऊही नाहीत. वीस-वीस हजार टनांची ही धूडं म्हणजे शत्रूला आयतं लक्ष्य. रशियानं साठच्या दशकात दोन बांधली आणि नाद सोडला. पूर-वादळात मदत पोहोचवणं हे नौदलाचं कामच नव्हे. आणि शेवटी, हेलिकॉप्टर काय, ते किनाऱ्यावरूनही उडतं, त्यासाठी एवढं जहाज कशाला पोसायचं? या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

मी नौदलात असताना माझं काम हेलिकॉप्टर बांधण्याचं होतं. म्हणजे डेकवर उतरलेलं हेलिकॉप्टर, पाती फिरत असतानाच वाकून खाली शिरून, चाकांना चॉक लावून साखळ्यांनी जखडायचं. पावसाळ्यात अरबी समुद्रात डेक दोन्ही बाजूंना झुकत असतो, वरून पात्यांचा वारा, खालून लाटेचं पाणी. त्यामुळे त्या टाळ्या मला झोंबल्या. प्रश्नोत्तरांना वेळ नव्हता, म्हणून हे लिहितो आहे.

किरकोळ मुद्दे आधी संपवतो. रशियानं ‘मॉस्क्वा’ आणि ‘लेनिनग्राड’ ही दोनच जहाजं बांधली हे खरं. पण ती अमेरिकेच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्या शोधण्यासाठी होती, आणि त्या पाणबुड्यांची संख्या आणि क्षेपणास्त्रांचा पल्ला दोन्ही वाढले, तेव्हा चौदा-चौदा हेलिकॉप्टरांची ही जोडी अपुरी पडली. काम मोठं झालं आणि हत्यार थोडं पडलं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय त्याच रशियानं २०११ मध्ये फ्रान्सकडून दोन ‘मिस्त्राल’ जातीची हेलिकॉप्टरवाहू जहाजं विकत घ्यायचा करार केला होता. क्रायमियाच्या प्रकरणानंतर फ्रान्सनं तो मोडला आणि ती जहाजं इजिप्तला गेली. नाद सोडलेला देश दाराशी पुन्हा का आला, हे वक्त्यांनी सांगितलं नाही.

लक्ष्य होण्याचं म्हणाल, तर पाण्यावर तरंगणारं प्रत्येक जहाज लक्ष्य आहे. ड्रोनचं म्हणाल, तर जहाजावरच्या ड्रोनलाही उडायला आणि परत यायला डेक लागतो.

आता टाळ्यांचं वाक्य. किनाऱ्यावरून उडा. ऐकायला हे फार सोयीचं आहे, आणि समुद्रावर ते एक तासही टिकत नाही.

ज्या सी किंग हेलिकॉप्टरनं आपल्या नौदलाची कित्येक दशकं राखण केली, त्याचंच उदाहरण घ्या. त्याचा वेग ताशी सुमारे दोनशे किलोमीटर. हवेत राहण्याची ताकद ढोबळमानाने साडेचार-पाच तासांची. शत्रूची पाणबुडी किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरवर असली, तर जायला दोन तास, यायला दोन तास. उरला अर्धा ते एक तास. आणि त्या वेळात करायचं काय, तर समुद्रावर एका जागी तरंगत राहून तारेला बांधलेला सोनार पाण्यात सोडायचा, ऐकायचं, वर ओढायचा, पुढच्या जागी जायचं, पुन्हा सोडायचा. एका जागी तरंगताना हेलिकॉप्टर सर्वांत जास्त इंधन पितं. म्हणजे तेवढा वेळही पुरा हाती लागत नाही. पाणबुडीच्या कप्तानाला हे गणित पाठ असतं. तो इंजिन मंद करून खाली बसून राहतो, कारण वरचं हेलिकॉप्टर घरी जाणार हे त्याला माहीत असतं. तेच हेलिकॉप्टर शेजारच्या जहाजावरून उडालं तर दहा मिनिटांत जागेवर पोहोचतं. एक परतेपर्यंत दुसरं उडालेलं असतं, आणि खाली बसलेल्याला वर येऊन श्वास घ्यायची उसंत मिळत नाही. पाणबुडीची शिकार चिकाटीची असते, आणि ती चिकाटी डेकमधून येते.

कुणी म्हणेल, लांब पल्ल्याची गस्ती विमानं आहेत की. आहेत, आणि अरक्कोणमहून उडणारी आपली पी-८आय विमानं उत्तमच आहेत. पण विमान एका जागी थांबून पाण्यात सोनार बुडवू शकत नाही, आणि बुडणाऱ्या माणसाला दोरीनं वर उचलू शकत नाही.

इथे मला १९७१ टाळता येत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीनं आपली ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. ‘खुकरी’ पाणबुडीच्याच शोधात निघाली होती. ती जेमतेम बाराशे टनांची ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट, आणि तिच्यावर हेलिकॉप्टर उतरवण्याची सोयच नव्हती. सी किंग त्याच वर्षी आपल्या नौदलात आलं होतं. हेलिकॉप्टर असतं तर ‘खुकरी’ वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. त्या रात्रीबद्दल असं बोलण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या जहाजाला आपण पाणबुडीमागे धाडतो, त्याच्या पाठीवर पाणबुडीचा सर्वांत मोठा वैरी असायला हवा, हे त्यानंतर नौदलानं मनावर घेतलं, आणि ते घेतलं आपल्या मुंबईत. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘निलगिरी’ जातीच्या फ्रिगेटींपैकी शेवटच्या दोन, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’, यांचा मागचा भाग सी किंगसाठी बदलला गेला. साडेनऊ टनांपर्यंत भरणारं ते हेलिकॉप्टर तीन हजार टनांच्या झुलत्या जहाजावर उतरवायला कॅनडाची पद्धत आणली: हेलिकॉप्टरमधून तार खाली सोडायची, ती डेकवरच्या यंत्राला जोडायची आणि त्याला खेचून खाली घ्यायचं. मग १९८३ मध्ये ‘गोदावरी’ आली. साडेतीन हजार टनांच्या आसपासची फ्रिगेट, आणि तिच्या हँगरमध्ये दोन सी किंग. तेव्हाही जाणकार म्हणवणारे मान हलवत होते, की एवढ्याशा जहाजावर एवढी वजनदार दोन यंत्रं म्हणजे अव्यवहार. हा युक्तिवाद मी मेसमध्ये, गोदीत, रेल्वेच्या डब्यात इतक्यांदा ऐकला आहे, की त्या व्याख्यानात तो नव्या कपड्यांत आला तरी चालण्यावरून ओळखला. ‘गोदावरी’नं त्याला बत्तीस वर्षं समुद्रात उत्तर दिलं.

त्याहून जुना प्रसंगही आहे. १९५६ मध्ये हेलिकॉप्टर हे नाजूक, लढाईत न टिकणारं यंत्र मानलं जात होतं. त्या नोव्हेंबरात सुएझच्या लढाईत ‘ओशन’ आणि ‘थिसियस’ या दोन ब्रिटिश जहाजांवरून ‘४५ कमांडो’ या तुकडीचे सुमारे चारशे जवान हेलिकॉप्टरांनी पोर्ट सैदला उतरवले गेले, आणि तेही दीड तासाच्या आत. ते युद्ध ब्रिटिशांनी करायलाच नको होतं हे माझं मत आहे, पण जहाजावरून हेलिकॉप्टरनं फौज उतरवता येते हे त्या सकाळी सिद्ध झालं.

पण किनाऱ्यावरून उडा म्हणणाऱ्यांना खरं उत्तर २६ डिसेंबर २००४ च्या सकाळनं दिलं आहे. किनारा म्हणजे तळ, तळ म्हणजे इंधन, माणसं, वीज, रस्ता. त्या सकाळी कार निकोबारचा आपला हवाई तळच त्सुनामीच्या लाटेखाली गेला. तिथली शंभराहून अधिक माणसं, हवाई दलाचे जवान आणि त्यांची कुटुंबं, एका सकाळीत नाहीशी झाली. पोर्ट ब्लेअरपासून कॅम्पबेल बे पाचशे किलोमीटरहून लांब. आज तिथे नौदलाचा ‘बाझ’ हा तळ आहे, तेव्हा नव्हता, आणि असता तरी तोही किनाऱ्यावरच असता. पलीकडे सुमात्रात बांदा आचेहून मेउलाबोहकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता लाटेनं धुऊन नेला. तिथल्या गावांना पहिलं पाणी आणि अन्न कशानं पोहोचलं? समुद्रात उभ्या राहिलेल्या अमेरिकेच्या ‘अब्राहम लिंकन’ आणि तिच्यासारख्या जहाजांवरच्या हेलिकॉप्टरांनी. आपलं नौदलही मेउलाबोहला गेलं होतं, आणि गेलेल्या जहाजांत होती नवी ‘खुकरी’, माझगाव गोदीत बांधलेली, आणि मागच्या बाजूला हेलिकॉप्टरसाठी डेक असलेली. बुडालेल्या जहाजाचं नाव घेतलेलं जहाज दुसऱ्या देशातल्या बुडालेल्या माणसांपर्यंत गेलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. आणि मदतकार्य हे नौदलाचं काम नव्हे म्हणणाऱ्यांनी एकदा निकोबारात जाऊन ते वाक्य तिथल्या माणसांसमोर म्हणावं.

व्याख्यानात आणखी एक बारीकसं वाक्य येऊन गेलं: वेळ पडलीच तर एखाद्या मालवाहू जहाजावर हेलिकॉप्टरं लादता येतात. ब्रिटननं ते करून पाहिलं आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर हेलिकॉप्टरं लादून नेली. त्याला स्वतःचा बचाव करायला जवळपास काहीच दिलं नव्हतं. २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या एक्झोसे क्षेपणास्त्रांनी ते पेटलं. तीन चिनूक, सहा वेसेक्स आणि एक लिंक्स हेलिकॉप्टर जळालं, बारा माणसं गेली. त्या वेळी हवेत असलेलं एकच चिनूक वाचलं. परिणाम काय झाला? जे जवान हेलिकॉप्टरनं डोंगर ओलांडणार होते, ते पाठीवर ओझं घेऊन चिखलातून, थंडीतून दिवसचे दिवस चालत पोर्ट स्टॅन्लीकडे गेले. त्याच युद्धात ‘हर्मिस’ आघाडीवर होती, तीच पुढे १९८७ मध्ये आपली ‘विराट’ झाली. मूळ विमानवाहू, मधल्या काळात हेलिकॉप्टरांनी कमांडो उतरवण्यासाठी बदललेली, नंतर पुन्हा विमानांसाठी. तिच्यावरची सी किंग ताफ्याभोवती पाणबुड्यांचा पहारा करत होती, आणि ‘हर्मिस’ परत आली. हेलिकॉप्टरं वाहून नेणारं जहाज आणि हेलिकॉप्टरं चालवणारं जहाज यांतला फरक या दोन नावांत आहे. दुसऱ्याकडे डेक असतो, हँगर असतो, इंधनाची बंदिस्त सोय, दारूगोळ्याची उद्वाहनं, आग विझवणारी शिकलेली माणसं आणि स्वतःचा बचाव. पहिल्याकडे फक्त रिकामी जागा असते.

मग हवं काय? जपानकडे पाहा. १९७३ मध्ये त्यांची ‘हारुना’ तीन हेलिकॉप्टरं घेऊन आली. चाळीस-बेचाळीस वर्षांत ते २४८ मीटर लांबीच्या ‘इझुमो’पर्यंत पोहोचले. त्यांच्या संविधानामुळे ते तिला विनाशिका म्हणतात, तो त्यांचा प्रश्न. आपल्याला तेवढीही चढण नको. फ्रान्सच्या ‘मिस्त्राल’ एवढं जहाज पुरे: १९९ मीटर, सोळा जड हेलिकॉप्टरं, एकाच वेळी सहा उतरतील एवढा डेक, होड्या सोडायला मागचं दार, आणि पोटात ६९ खाटांचं रुग्णालय. २०११ मध्ये याच जातीच्या ‘तोनेर’वरून फ्रान्सनं लिबियावर लढाऊ हेलिकॉप्टरं उडवली, आणि २०२० मध्ये बैरूतचं बंदर स्फोटानं उद्ध्वस्त झालं तेव्हा तीच ‘तोनेर’ मदत घेऊन गेली. एकाच जहाजाची ही दोन कामं आहेत. अशी चार, दोन्ही किनाऱ्यांना वाटून, आपल्याच गोद्यांत बांधलेली.

आणि त्याबरोबर हेलिकॉप्टरं. हा माझ्या बाजूचा दुबळा दुवा आहे हे मी मान्य करतो. हँगर रिकामे घेऊन फिरणारी जहाजं आपण पाहिली आहेत. २०२० मध्ये करार झालेली चोवीस एमएच-६०आर येऊ लागली, आणि मार्च २०२४ मध्ये कोचीला त्यांचा पहिला स्क्वाड्रन उभा राहिला. चोवीस पुरत नाहीत. पण हेलिकॉप्टरं कमी आहेत म्हणून जहाज नको म्हणणं हे शिक्षक कमी आहेत म्हणून शाळा पाडण्यासारखं आहे.

चार जहाजांची मागणी काही माझ्या मनातली नाही. २०१३ मध्ये तिच्या निविदा निघाल्या होत्या. सात वर्षं कागद फिरला आणि २०२० मध्ये तो रद्द झाला. २०२१ मध्ये पुन्हा माहिती मागवली. तोपर्यंत विमानवाहू सोडून अशा कामाला आपल्याकडे एकच मोठं जहाज: ‘जलाश्व’. ते आपण २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलं. करोनाच्या पहिल्या लाटेत, मे २०२० मध्ये, मालेहून ६९८ माणसांना कोचीला आणणारं तेच. त्याच्यावरच्या मंडळींनी ते ज्या मायेनं चालतं ठेवलं आहे, तिला माझा सलाम. पण ‘ट्रेंटन’ या नावानं ते अमेरिकी नौदलात दाखल झालं होतं मार्च १९७१ मध्ये, ‘खुकरी’ दीवच्या समुद्रात गेली त्याच्या नऊ महिने आधी.