एकट्या बाईचं घरकुल

घरकुलाच्या यादीचा विषय निघाला की आमच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं. कुणीतरी ते गावातून ऐकून आलेली असते : "म्हातारीला घर कशाला? आज आहे, उद्या नाही. त्यापेक्षा पोराबाळांच्या माणसाला द्या." बोलणारा दुष्ट असतो असं नाही. पण घर कुटुंबाचं, कुटुंब पुरुषाचं आणि बाई त्यात आश्रयाला, ही पक्की समजूत त्या वाक्यात आहे. मला वाटतं, घरासाठीच्या सगळ्या सरकारी अनुदानांचा पायाच ही समजूत आहे. कागदावर बाईचं नाव चढलं तरी ती मोडलेली नाही.

नाव चढलं ते बायका लढल्या म्हणून. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत जमिनी बायकांच्या नावावर झाल्या, त्या काळातली ही कमाई आहे. इंदिरा आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याचा नियम आला. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतही तो आहे. पण हा नियम नवरा-बायको असलेल्या घरासाठी. जिचा नवरा वारला, किंवा असून नसल्यासारखा आहे, तिला आधी 'कुटुंब' म्हणून मोजलं जावं लागतं.

आणि तिथेच ती गळते. या योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून आली. घरात १६ ते ५९ वयाचं कुणी नसेल, किंवा घर बाई चालवत असेल आणि त्या वयाचा पुरुष नसेल, तर अग्रक्रम ठरवताना ते धरलं जातं. म्हणजे एकटी म्हातारी यादीत वर असायला हवी. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, असंच गणनेत धरायचं असतं. पण विचारणारा माणूस थोरल्या मुलाच्या ओट्यावर बसतो, मुलगा सांगतो "आम्ही सात जण", आणि परसात तीन दगड मांडून रांधणारी आई त्या सातांत जाते. परित्यक्तेची गत आणखी वाईट. रेशनकार्डावर नाव नवऱ्याच्या गावी, राहणं भावाच्या पडवीत. दोन्ही गावं म्हणतात, ही आमची नाही.

नाव लागलंच तर पुढचा प्रश्न, बांधायचं कुठे? अनुदान घराला आहे, जागा स्वतःची हवी. रमाई आणि शबरी घरकुलातही हीच अडचण. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला, मुलींना राहत्या घराचं वाटप मागायला आड येणारं कलम २३ रद्द झालं. पण तलाठ्याकडे जाण्याआधीच हक्कसोडपत्रावर बहिणीची सही झालेली असते, एका साडीवर. राज्याने २०१५ मध्ये जागा घेण्यासाठी दीनदयाळ उपाध्यायांच्या नावाची योजना काढली, तेव्हा मर्यादा ५० हजारांची होती. रस्त्यालगतच्या गावात तेवढ्यात काय येतं ते वाचकांनीच सांगावं.

पण मला खरं बोलायचं आहे ते बांधकामाबद्दल. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. हे आकडे २०१६ चे, आणि २०२४ मध्ये योजना वाढवताना केंद्राने तेच ठेवले. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौर यंत्रासाठी. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, आणि बांधकाम जसं वर चढेल तसा हप्ता. सोबत रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी धरलेली. धडधाकट जोडप्यासाठी हा हिशेब ठीक आहे. सत्तरीच्या बाईने ९० दिवस कुठे राबायचं? मजुरीची रक्कम तिला मदत म्हणून धरली जाते, प्रत्यक्षात तो तिच्यावर पडलेला खर्च असतो.

आमच्या तालुक्यातल्या एका आजींचं जोतं गुडघाभर येऊन दीड वर्ष थांबलं. पहिला हप्ता दगड-वाळूत गेला, पुढचा मिळायला काम वर चढायला हवं, आणि काम चढवायला पैसे हवेत. शेवटी पुतण्या उभा राहिला. स्टँप पेपरवर लिहून घेऊन : माझ्या पश्चात घर याचं. त्यात आजींना शेवटपर्यंत राहू द्यायचं, असं एक अक्षर नव्हतं. आम्ही दोघी-तिघींनी जाऊन ती ओळ घालायला लावली. पुतण्या म्हणाला, "तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही?" आजीच म्हणाल्या, "आहे बाबा, पण लिही."

गंमत अशी की योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत याचा विचार केलेला आहे. वृद्ध, आजारी किंवा अपंग लाभार्थ्याला स्वतः घर उभारता येत नसेल तर ते गवंडी प्रशिक्षणातून बांधावं, तेही जमलं नाही तर ग्रामपंचायतीमार्फत मदत द्यावी, असं त्यात लिहिलं आहे. कार्यालयात तो कागद पुढे ठेवला तर साहेब म्हणाले, "असं आहे होय!"

काही मैत्रिणी म्हणतात, त्यापेक्षा वृद्धाश्रमांना अनुदान मागावं. ज्यांना हवं त्यांच्यासाठी जरूर मागावं. पण गाव, शेजार, चार शेळ्या सोडून म्हातारीने का जावं? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बायकांचे गट संवाद सहायक म्हणून घरदुरुस्तीच्या कामात उतरले होते. सिमेंट-सळईचा हिशेब त्या लोकांना समजावून सांगत. एकट्या बाईचं घरकुल मंजूर होतानाच ते पूर्ण करून देण्याची जबाबदारी अशा गटाकडे द्या, आणि त्या कामाचा मोबदला अनुदानाबाहेरून द्या, ही माझी मागणी आहे. म्हातारीच्या १ लाख २० हजारांतून तो कापायचा नाही.

२०२४ मध्ये आणखी २ कोटी घरांना मान्यता मिळाली, नवं सर्वेक्षण झालं, दुचाकी आणि फ्रीजमुळे नाव कटण्याची अट गेली. यादी ग्रामसभेपुढे ठेवावी लागते. आपल्या गावात वेगळी चूल मांडलेल्या बायका किती, ते सभेच्या आदल्या आठवड्यात घरोघर फिरून लिहून काढा. तो कागद घेऊनच सभेला बसा, आणि यादी वाचून होईपर्यंत उठू नका.