कुत्रा कोणाचा?

कुत्रा चावल्यावर दवाखान्यात गेलं की केसपेपरवर तारखा पडतात. लस कातडीत टोचायची असेल तर आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडाच्या स्नायूत घ्यायची तर मध्ये चौदावा दिवसही. जखम खोल असेल तर पहिल्याच दिवशी जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन. म्हणजे महिन्याभरात दवाखाना आपल्या बाजूने मोकळा होतो. पण त्याच जखमी माणसाने विचारलं, की बुडालेल्या मजुरीचं, औषधांच्या खर्चाचं काय, ते कधी मिळेल, तर तारीख लिहून देणारं कुणी नसतं.

आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींना गेटच्या आत पार्किंगमध्ये कुत्रं चावलं. पोटरीचा लचकाच निघाला. दोन घरच्या बायकांनी लगेच बदली बाई शोधली, त्यामुळे जखम बरी होईस्तोवर ती कामंही हातची गेली. मावशी मला म्हणाल्या, "ताई, मागायचं तर कोणाकडे मागायचं?" मला वाटलं, सोपं आहे. वॉचमन म्हणाला, कुत्रा बाहेरचा. रोज त्याला पोळी घालणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी फक्त खायला देते, तो माझा थोडाच आहे?" सेक्रेटरी म्हणाले, भटकी कुत्री हे पालिकेचं काम. पालिकेच्या कार्यालयातून उत्तर आलं, घटना सोसायटीच्या आवारातली आहे. त्या कुत्र्याला एरवी निम्मी सोसायटी नावाने हाक मारते. चावल्या दिवसापासून तो बेवारस झाला.

भरपाईला वेळ का लागतो, याचं उत्तर या टोलवाटोलवीत आहे. कोर्टात तारखा पडतात हे खरंच, पण कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच 'कुत्रा कोणाचा' या प्रश्नात माणूस दमून जातो.

बरं, मालक ठाऊक असला म्हणजे लवकर निकाल लागतो, असंही नाही. मुंबईत 2010 साली एका वृद्ध गृहस्थाला ओळखीतल्याच माणसाचा रॉटवायलर चावला. मालक कोण, कुत्रा कुठला, यात काही गूढ नव्हतं. तरी गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली ती 2023 मध्ये. वरळीत 2018 साली लिफ्टमध्ये पाळीव हस्की चावल्याच्या खटल्यात शिक्षा झाली 2025 साली. आणि हे दोन्ही फौजदारी खटले. मालकाला शिक्षा झाली म्हणजे जखमी माणसाच्या हाती पैसे पडले, असं होत नाही. भरपाईसाठी बहुधा वेगळा दिवाणी दावाच लावावा लागतो. पाळलेल्या जनावराबाबत हलगर्जी करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच हजारांत आज एका खोल जखमेचा खासगी दवाखान्यातला खर्चही निघत नाही.

भटक्या कुत्र्याच्या बाबतीत वाट आणखी लांबची. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. पण महापालिकेवर दावा लावायचा तर सहसा महिन्याभराची नोटीस आधी द्यावी लागते आणि सहा महिन्यांची मुदत आडवी येऊ शकते. राज्य सरकारला प्रतिवादी करायचं तर नोटीस दोन महिन्यांची. कायदा थांबायला लावतो आणि त्याच वेळी घाईही करायला लावतो. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने हे गणित कुणाकडून समजून घ्यायचं?

हा गुंता सुटत नाही असं मात्र नाही. केरळमध्ये भटक्या कुत्र्यांच्या चाव्यांचे अर्ज तपासून भरपाई ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. सिरिजगन यांची समिती नेमली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय 2023 मध्ये त्याच्याही पुढे गेलं. प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान 10,000 रुपये, मांस निघालं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरमागे किमान 20,000. जिल्हा पातळीवर समिती, आणि अर्ज आल्यापासून चार महिन्यांत निर्णय. दराचा हिशेब कसायाच्या दुकानातला वाटेल, पण त्या निकालातली खरी मोलाची गोष्ट दुसरीच आहे. भरपाईची पहिली जबाबदारी सरकारची. नंतर सरकारने दोषी यंत्रणेकडून किंवा खासगी व्यक्तीकडून ती वसूल करावी. म्हणजे 'कुत्रा कोणाचा' हा वाद जखमी माणसाच्या डोक्यावरून उचलून सरकारच्या टेबलावर ठेवला. तो वाद बाजूला झाला म्हणूनच चार महिन्यांची मुदत घालणं शक्य झालं.

आपल्याकडेही असं करता येतं. बिबट्याने माणूस जखमी केला तर वनविभागाकडे भरपाईची ठरलेली पद्धत आहे. बिबट्याचा मालक कोण, असं जुन्नरच्या शेतकऱ्याला कुणी विचारत बसत नाही. रस्त्यांवरच्या खड्ड्यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये मृत्यूसाठी 6 लाख आणि जखमींसाठी 50 हजार ते अडीच लाख रुपये ठरवून दिले, तेही सहा ते आठ आठवड्यांत चुकते करायला सांगून. बिबट्याला पद्धत, खड्ड्याला मुदत, मग कुत्र्यानेच काय घोडं मारलंय?

तोवर आपण आपल्या हातातलं करावं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. केसपेपर, लसीचं कार्ड, बिलं, जखमेचे फोटो जपून ठेवावेत. कुत्रा पाळीव असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी; हा गुन्हा दखलपात्र आहे, नुसत्या एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, समाधान मानू नये. सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जायच्या आत लेखी मागावं. पालिकेला अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. बुडालेल्या मजुरीची नोंद ठेवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना आणि कामगारांना मोफत वकील मिळतो, तिथे पहिल्या महिन्यातच जावं.

आणि आमदारांकडे, नगरसेवकांकडे एकच मागणी लावून धरावी: आधी भरपाई द्या, कुत्रा कोणाचा ते तुम्ही नंतर आपसात ठरवा.