आमच्या दातांवर बोलण्याआधी आमच्या ताटावर बोला

मागे आमच्या वस्तीत दंततपासणी शिबिर झाले. पोरांच्या किडलेल्या दाढा पाहून डॉक्टर आयांना म्हणाले, "तुमच्या लोकांना स्वच्छतेची सवयच नाही." टूथपेस्टची एकेक ट्यूब वाटून शिबिर आटोपले.

'तुमचे लोक' हे शब्द आम्ही चांगले ओळखतो. ज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ ठरवायची रीत जुनी आहे.

दात घासायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण दात घडायला लागतो आईच्या पोटात. दुधाचे दात गर्भाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास कठीण होऊ लागतात. पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतो. या काळात प्रथिने, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी पडले तर दाताचे कवच कच्चे राहू शकते. ते ब्रशने पक्के होत नाही.

त्या कच्च्या कवचावर साखरेचा मारा होतो. पहाटे मजुरीला निघालेली आई पोराला गोड काळा चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा देते. तिला अक्कल नाही म्हणून नव्हे, पाच रुपयांत पोट गप्प करणारे दुसरे मिळत नाही म्हणून. तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि आम्ल कवच पोखरते.

शाळेत जाणाऱ्या पोराच्या मागच्या दाढा अजून घडतच असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. द्यायचे तर लोकसहभागातून द्या म्हणाले. जिथे चहात दूध नाही, तिथे लोकसहभाग कुठून आणायचा? त्याआधी २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांस बंद करून गरिबाचे स्वस्त प्रथिन काढून घेतलेच होते. ताट कुणी रिकामे केले, हे डॉक्टरांनी एकदा शासनालाही विचारावे.

मित्रांनो, आपणही आपल्याकडे पाहू. १४ एप्रिलला आपण पोरांना सरबत आणि बुंदी वाटतो. यंदा उकडलेली अंडी, फुटाणे, शेंगदाणे वाटू. शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत शासनाच्या निधीतून अंडे मिळावे असा ठराव मांडू. टूथपेस्टची ट्यूब हे उपकार झाले. अंडे हा आमच्या पोरांचा हक्क आहे.

जय भीम!