मोबाईलवरचा डाव मांडायचा कोणी?

आपल्या सीमाभागातील जुन्या मराठी घराण्यांत मतभेदांना तोटा नाही. एका विषयावर मात्र सर्वांचे विलक्षण एकमत दिसते. मोबाईलवरचे खेळ म्हणजे पोरांच्या बुद्धीला लागलेली वाळवी, हे वाक्य बैठकीत कोणीही उच्चारावे आणि उरलेल्यांनी माना डोलवाव्यात. गंमत अशी की, ज्या घरात हे वाक्य बोलले जाते त्याच घरात पाहुणे आले, स्वयंपाकाची घाई झाली किंवा दुपारी वडीलधाऱ्यांना अंमळ पडावेसे वाटले, की लहानग्याच्या हातात मोबाईल दिला जातो. त्यावर कोणता खेळ उघडला आहे हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. तोंडाने बंदी आणि हाताने मोकळीक असा हा कारभार आहे. या कारभाराविरुद्ध आम्हांस चार शब्द कठोरपणे सांगावयाचे आहेत.

आमचे प्रतिपादन सरळ आहे. घरची मंडळी खेळ निवडणार नसतील तर तो बाजार निवडील, आणि बाजार जे निवडील ते मुलाच्या हिताचे असण्याचे काहीच कारण नाही. म्हणून साहसाचे व डावपेचांचे चांगले खेळ घरच्यांनीच शोधावेत, मुलांना सुचवावेत आणि त्यांच्या शेजारी बसून, मराठीत बोलत खेळावेत. यातील 'मराठीत बोलत' हे शब्द आम्ही शोभेसाठी घातलेले नाहीत. त्यांचा खुलासा पुढे येईल.

खेळाला तुच्छ लेखणे ही आपली परंपरा नव्हे. सारीपाट आणि बुद्धिबळ आपल्या वाड्यांत होतेच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आजही हाताने रंगविली जाते. पाप-पुण्याच्या शिड्या आणि सर्प दाखविणारा मोक्षपट लोकपरंपरा थेट ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते. आणि आपल्या मन्नाएखेळ्ळीच्या परिसराचेच बोलायचे, तर मराठी माणूस ज्याला वाघ-बकरी म्हणतो आणि कन्नड शेजारी ज्याला आडु-हुली म्हणतो, तो खेळ देवळांच्या दगडी फरशीवर कोरलेला कर्नाटकात ठिकठिकाणी आढळतो. त्याच्या एका प्रचलित प्रकारात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. वाघाचे बळ उडी मारून बकरी खाण्यात, तर बकऱ्यांचे बळ एकमेकींना धरून राहण्यात. दुबळ्यांनी एकजुटीने बलवानाची वाट कशी अडवावी, याचा याहून सोपा पाठ कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तेव्हा डावपेचांचा खेळ ही परक्यांनी आणलेली रोगराई आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच देवळाच्या ओसरीकडे पाहावे.

मात्र त्याच परंपरेने द्यूताचे काय होते हेही सांगून ठेवले आहे. युधिष्ठिराच्या हातून राज्य गेले ते फाशांमुळे नव्हे, पणामुळे. हा भेद आपण विसरलो आणि मोबाईलवरील बाजाराने त्या विस्मृतीचा लाभ उठविला. रमी, पत्ते आणि क्रिकेटचे काल्पनिक संघ यांवर पैसे लावण्यास 'कौशल्याचा खेळ' असे गोंडस नाव मिळाले. कर्नाटक शासनाने २०२१ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून अशा खेळांना बंदी घातली. २०२२च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी रद्द केल्या. पुढे संसदेने केलेल्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर त्याने बंदी घातली. त्याच कायद्याने पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळांना प्रोत्साहन देण्याचे धोरणही स्वीकारले आहे, हे मात्र आपल्या बैठकीत कोणी सांगत नाही. जो विवेक कायद्यास सुचला तो आपल्या घरातील कर्त्यांस का सुचू नये?

पणाचा खेळ ओळखणे सोपे आहे. त्याहून फसवा प्रकार दुसरा. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा खेळ २०१२ साली आला आणि जगभर पसरला. नावाने तो डावपेचांचा खेळ आहे आणि त्यात डावपेच आहेतही. परंतु त्यातील बांधकामे पूर्ण होण्यास घड्याळाचे खरे तास, पुढेपुढे तर दिवस लागतात. आणि हा काळ झटपट सरावा म्हणून 'रत्ने' वापरावी लागतात, जी रोख पैशाने विकत मिळतात. म्हणजे येथे विक्रीस ठेवलेली वस्तू मुलाची अधीरता आहे. फुकट म्हणून उतरवून घेतलेल्या असंख्य खेळांचा व्यापार याच तत्त्वावर चालतो. फुकट मिळाले की आपण पारखून घेत नाही, ही आपली जुनी खोड त्यांच्या पथ्यावर पडते.

म्हणून खेळ पारखण्याच्या चार कसोट्या आम्ही वाचकांपुढे ठेवतो. पहिली, खेळाला शेवट आहे काय? दुसरी, मध्येच हाक आली तर डाव जागच्या जागी थांबतो काय? तिसरी, तो पैसे घेत असेल तर एकदाच आणि उघडपणे घेतो, की दर वळणावर हात पसरतो? चौथी, हरल्यावर आपण कोठे चुकलो हे मुलाला उमगते काय? या चारांस उतरणारे खेळ थोडे आहेत, पण आहेत. आणि त्यांची नावे घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

पहिला मान बुद्धिबळाला. २०१० साली सुरू झालेले 'लीचेस' हे विनामूल्य आहे, त्यात एकही जाहिरात नाही, आणि ते देणग्यांवर चालते. त्याचा चेहरा मराठीतही करून घेता येतो. यंत्राशी खेळावे, कूटप्रश्न सोडवावेत किंवा एकच मोबाईल मध्ये ठेवून आजोबा आणि नातवाने समोरासमोर बसावे. डाव संपल्यावर कोणती चाल चुकली हे तेथे फुकट तपासून मिळते. हा खेळ आपला नव्हे असे कोणी म्हणू नये. आपल्या गावावरून जाणारा पुण्याचा हमरस्ता ज्या हैदराबादेस पोहोचतो, तेथेच १९८१ साली रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या. आणि २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख हिने महिला विश्वचषक जिंकला, त्याबरोबरच तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. या दोघींच्या घरच्यांनी खेळाला वाळवी मानले असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनी करावा.

दुसरी शिफारस 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया' या स्वीडिश खेळाची. २०१६ साली आलेल्या या खेळात एका वस्तीपासून आरंभ करून नकाशावरचा अंधार हळूहळू उजळीत जावयाचे असते. शेती आधी करावी की रस्ता बांधावा, शेजाऱ्याशी लढावे की त्याला टाळावे, हे प्रत्येक पाळीला ठरवावे लागते. हातातील धन मोजके, इच्छा अनेक. त्याच्या एका प्रकारात तीस पाळ्यांत डाव संपतो. शिवाय आपली पाळी आपण घेईपर्यंत तो वाट पाहतो, त्यामुळे जेवणाची हाक आली असता 'आत्ता सोडता येत नाही' ही सबब चालत नाही. मूळ खेळ विनामूल्य असून जादा टोळ्या हव्या असतील तर त्या विकत घ्याव्या लागतात. मूळ टोळ्या पुरेशा आहेत. घेण्याची घाई करू नये.

तिसरा, न्यूझीलंडमध्ये घडलेला 'मिनी मेट्रो'. वाढत्या शहरात आगगाडीचे मार्ग आखावयाचे आणि गर्दीने स्थानक तुंबू द्यावयाचे नाही, एवढाच त्याचा विषय. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. हा खेळ हरण्यासाठीच असतो असे म्हटले तरी चालेल, कारण शहर अखेर वाढतच जाते. पण कोठे मार्ग चुकला हे मुलाला डोळ्यांनी दिसते. ज्या मुलांची भावंडे कामासाठी पुण्या-मुंबईस गेली आहेत, त्यांना तेथील लोकल का तुंबते हे अर्ध्या तासात समजेल.

साहसाच्या खेळांत आम्ही दोन नावे आग्रहाने सुचवितो. चेक देशातील अमानिता या मंडळींनी २००९ साली केलेला 'मशिनारियम' हा त्यांतील पहिला. भंगारात फेकलेला एक लहानसा यंत्रमानव आपल्या नगरीत परत शिरतो, अशी त्याची कथा. त्यात संवादाचा एक शब्दही नाही; पात्रांच्या मनातले सारे चित्रांनी कळते. दुसरा, लंडनच्या अस्टू कंपनीचा २०१४ सालचा 'मॉन्युमेंट व्हॅली'. दहा प्रकरणांचा हा खेळ दोन-चार बैठकींत संपतो. त्यातील वास्तू फिरविली की भिंतीची वाट होते आणि जिन्याचे छत होते. महमूद गवानाचा मदरसा आणि बीदरचा किल्ला पाहिलेल्या मुलाला कमानी आणि मनोरे नवे नाहीत. आता त्यांकडे नव्याने पाहण्याची दृष्टी त्याला येईल. हे दोन्ही मूळ खेळ एकदा किंमत घेतात आणि नंतर दर वळणावर हात पसरत नाहीत.

दहावीच्या पुढील मुलांसाठी इंकल या इंग्रज मंडळींचा '८० डेज' हा खेळ आहे. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेवर तो बेतला असून त्यात पैसा, सामान आणि वेळ यांचा मेळ घालीत मार्ग ठरवावा लागतो. इंग्रजी वाचनाचा तो उत्तम सराव आहे, आणि सोबत नकाशाची पुस्तिका उघडून बसल्यास भूगोलाचाही.

आता आक्षेपांकडे वळू. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, व्यसन लागते. हे आक्षेप खोटे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या ज्या वर्गीकरणास २०१९ साली मान्यता दिली आणि जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्यात खेळाच्या विकारास स्थान आहे. परंतु त्याची लक्षणे वाचण्याजोगी आहेत. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अधिक महत्त्व येणे, हानी दिसत असूनही तो चालूच राहणे, आणि हे सारे सामान्यतः बारा महिने टिकणे, असे ते स्वरूप आहे. म्हणजे प्रश्न वेळेचा आणि ताब्याचा आहे. वेळेची मर्यादा घालणे हे घरच्यांचे काम, आणि ज्या खेळाला शेवट आहे त्यालाच मर्यादा घालता येते. ज्यांनी खेळच कधी पाहिला नाही, त्यांच्या हाती हिसकावून घेण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. आणि हिसकावलेला मोबाईल संध्याकाळी मित्राच्या घरी पुन्हा हातात येतो.

आणखी एक आक्षेप असा की, हे सारे खेळ परके आणि बहुतेक इंग्रजीत. मग आपल्या भाषेचे काय? येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा मराठवाड्याकडे गेले. आपण हुमनाबाद, भालकीकडचे या राज्यात राहिलो. तेव्हापासून आपली मराठी जी टिकली ती प्रामुख्याने घरातल्या बोलण्यात. बाजारात कन्नड आणि दखनी, तालुक्याच्या कचेरीत कन्नड, आणि आपल्या घरांतील पुष्कळ मुलांच्या शाळेत कन्नड किंवा इंग्रजी. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. शेजाऱ्याची भाषा येणे हे आपले वैभवच आहे. पण याचा अर्थ असा की, मूल घरात जितका वेळ मराठी बोलते तितकीच त्याची मराठी. कानांत बोंडे घालून एकटेच पडद्यावर खिळलेले मूल तेवढा वेळ कोणतीच भाषा बोलत नाही. आपल्या मराठीचे तास असे चोरीस जात आहेत, आणि आपण मात्र फलकावरील अक्षरांबद्दल ठराव करीत बसलो आहोत.

बोलण्यासाठी विषय लागतो. पूर्वी तो रानात, राशीत, भजनात होता. आज नातवाचा विषय पडद्यावर आहे, तर आजीने तेथे जाऊन बसावे. 'मशिनारियम'मध्ये शब्दच नसल्यामुळे त्याला भाषा पुरविण्याचे काम घरच्यांकडे येते. तो खांब हलवून पाहा, ही दोरी कशास बांधली असेल, आधी दिवा मालव, मग पायरी चढ. एका संध्याकाळी अशी शेकडो मराठी वाक्ये मुलाच्या कानी पडतील आणि तोंडीही येतील. पॉलिटोपियाच्या डावात माघार, वेढा, कुमक, रसद हे शब्द वापरावे लागतील. ते आपले स्वतःचे शब्द आहेत. बखरींत पडून आहेत. त्यांना पुन्हा जिभेवर आणण्याची ही संधी दवडू नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा, भारतीय पुराणकथांवर आधारलेला साहसखेळ केला. आपल्याकडे असे काम होऊ शकते याची ती साक्ष आहे. वाघ-बकरीवर, मोक्षपटावर, किल्ल्यांच्या वेढ्यांवर नीट मराठीत केलेले खेळ उद्या व्हावयाचे असतील, तर आज ते खेळणारी, पारखणारी आणि मराठीत त्यांविषयी बोलणारी मुले लागतील. ती केवळ बंदीने तयार होणार नाहीत.

तेव्हा आपल्या मंडळाने परिसंवाद आणि ठराव यांतून थोडी सवड काढावी. दर महिन्यास एक सायंकाळ खेळांसाठी ठेवावी. एका बाजूस बुद्धिबळाचा आणि वाघ-बकरीचा पट, दुसऱ्या बाजूस मोबाईलवरील निवडक खेळ, आणि सर्वत्र अट एकच: डावाची चर्चा मराठीत. या बुलेटिनानेही पुस्तक-परीक्षणाशेजारी एक पान खेळ-परीक्षणास द्यावे. ज्यांना हे साहित्याच्या प्रतिष्ठेस उणे आणणारे वाटेल, त्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे. पुढच्या पिढीस आपली भाषा बोलता आली नाही, तर तुमचे साहित्य वाचणार कोण? घरातील डाव दुसऱ्या कोणी मांडण्याआधी तो आपण मांडावा.