काचबिंदू: दोन आकड्यांचं गणित

"डोळ्याचं प्रेशर २१ च्या आत? मग सुटलो!" असं आपण म्हणतो खरं. पण प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो, आणि गेलेली नजर परत येत नाही.

डोळ्याच्या नसेला रक्त पोचतं ते साधारण रक्तदाब वजा डोळ्यातला दाब या हिशोबाने. आम्हा प्रोग्रॅमरांच्या भाषेत, व्हेरिएबल दोन आणि लक्ष एकावरच! झोपेत रक्तदाब एरवीही १०-२० टक्के उतरतो; त्यात रात्री बीपीची गोळी घेतली, तर काहींचा जास्तच उतरतो. मायग्रेन, थंडीत बोटं पांढरी पडणं, हेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

म्हणून आईबाबांना नेत्रतज्ज्ञांकडे न्याल तेव्हा गोळ्यांची यादीही न्या आणि डोळ्याची नस तपासायला सांगा. गोळी मात्र परस्पर बंद करू नका, प्लीज!