‘नाही’ या उत्तराचे मोल

कोडी घालण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. आजीने घातलेली कोडी आणि बिरबलाच्या चातुर्यकथा यांवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. मात्र बिरबलाच्या कथांत विचार करतो तो एकटा बिरबल. उरलेला दरबार केवळ माना डोलावण्यासाठी असतो. मला येथे ज्या कोड्यांविषयी लिहावयाचे आहे, त्यांची रीत याच्या नेमकी उलट आहे. ती साऱ्या दरबाराने मिळून सोडवावयाची असतात.

एक गृहस्थ उपाहारगृहात येऊन पाणी मागतो. गल्ल्यावरचा मनुष्य त्याच्यावर पिस्तूल रोखतो. गृहस्थ दचकतो, क्षणभर थांबतो, मग मनापासून आभार मानतो आणि पाणी न पिताच निघून जातो. असे का घडले? कोडे घालणाऱ्यास उत्तर ठाऊक असते. इतरांनी प्रश्न विचारावयाचे आणि त्याने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘त्याचा येथे संबंध नाही’ एवढेच म्हणावयाचे. दोघांची जुनी ओळख होती काय? नाही. दरोडा होता काय? नाही. त्या गृहस्थास तहान लागली होती काय? नाही! या तिसऱ्या नकारापाशी सारी बैठक सावरून बसते. पाणी मागणारा तहानलेलाच असणार, असे कोडे घालणाऱ्याने कोठेच म्हटलेले नसते; ते आपणच गृहीत धरलेले असते. मग कोणीतरी विचारते, ‘त्याला उचकी लागली होती काय?’ भीतीने उचकी थांबली, पाण्याची गरज उरली नाही आणि कोडे सुटले.

अशा विचारपद्धतीस ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली दिले. मराठीत मी त्याला ‘आडवाटेचा विचार’ म्हणेन. त्या वर्षीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका सावकाराची गोष्ट सांगितली आहे. कर्जात बुडालेल्या व्यापाऱ्याच्या मुलीवर सावकाराची नजर असते. थैलीत एक काळा व एक पांढरा खडा घालतो, असे तो म्हणतो. मुलीने न पाहता एक खडा काढावयाचा. काळा निघाल्यास तिने त्याच्याशी विवाह करावयाचा, पांढरा निघाल्यास ती मोकळी. कर्ज मात्र दोन्ही वेळी माफ. सावकार लबाडीने दोन्ही खडे काळेच घालतो आणि मुलीला ते दिसते. ती एक खडा काढते आणि तो हातून निसटला असे भासवून वाटेवरच्या खड्यांत टाकून देते. मग म्हणते, थैलीत कोणता उरला ते पाहा, म्हणजे मी कोणता काढला ते कळेल. सारे लक्ष काढावयाच्या खड्यावर खिळलेले असताना तिने ते उरलेल्या खड्याकडे वळविले.

ही मुलगी एकटीच होती, असे कोणी म्हणेल. मग समूह हवा कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९५८ साली केलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले, की चौघांनी एकत्र बसून कल्पना मांडण्यापेक्षा चौघांनी वेगवेगळे बसून लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या अधिक भरतात. बैठकीत एक बोलतो तेव्हा इतरांना थांबावे लागते, आणि थांबता थांबता सुचलेले विरून जाते. आपल्याकडच्या सभा पाहिलेल्या कोणासही याचे नवल वाटू नये. साहेबांनी आरंभीच आपले मत मांडले, की पुढचा वेळ त्या मताला दुजोरा देण्यातच जातो.

हो-नाहीच्या कोड्यात मात्र मत मांडावयाचे नसते, प्रश्न विचारावयाचा असतो, आणि एकाच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांच्या पदरी पडते. एकट्या माणसाला आपली समजूत खरी ठरविणारेच प्रश्न सुचतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० साली हे एका साध्या प्रयोगातून दाखविले. ‘२, ४, ६’ हे आकडे एका नियमात बसतात; तुम्ही आणखी आकडे सुचवा आणि नियम ओळखा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले. बहुतेक जण ‘८, १०, १२’ अशा तऱ्हेचे आकडे सुचवीत राहिले आणि प्रत्येक वेळी होकार मिळाल्याने आपल्याच कल्पनेवर खूष झाले. नियम एवढाच होता, की आकडे चढत्या क्रमाने असावेत. ‘१, २, ३’ किंवा ‘६, ४, २’ विचारणारा शेजारी असता, तर पहिल्याची समजूत वेळीच मोडली असती.

आमच्या व्यवसायात ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, याचे एक उदाहरण देतो. व्यक्ती ओळखू येईल असा तपशील गाळला आहे. एका शाखेत एक निवृत्त गृहस्थ पेन्शन जमा होताच सारी रक्कम काढून नेत आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेवढीच पुन्हा भरीत. रोखपाल वैतागत. मुलांना पैसे दाखवायचे असतील, कोणाला उसने देऊन व्याज घेत असतील, वयोमानाने विसरत असतील, असे तर्क चहाच्या वेळी रंगत. प्रत्येकाकडे उत्तर होते, प्रश्न कोणाकडेच नव्हता. अखेर दप्तरीने त्यांना सहज विचारले, ‘काका, याआधी पैसे कोठे ठेवत होता?’ एका पतसंस्थेत त्यांची आयुष्याची पुंजी अडकली होती. पैसा खरोखरच परत मिळतो की नाही, याची ते दरमहा परीक्षा घेत होते. मग अधिकाऱ्यांनी त्यांना समोर बसवून समजावले, की बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण असते, २०२० साली त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली आणि पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नसतो. पुढचे दोन महिने ते पैसे नेतच राहिले. तिसऱ्या महिन्यात पासबुक भरून घेऊन परत गेले.

प्रशिक्षण वर्गांत ही कोडी भोजनोत्तर सत्रात, बहुधा झोप उडविण्यासाठी घातली जातात. तो त्यांचा अपव्यय आहे असे मला वाटते. शाखेच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटे त्यांना द्यावीत आणि उत्तर ठाऊक असलेल्याची भूमिका शाखाधिकाऱ्यांनी घ्यावी. त्यामुळे ज्यांचे मत सर्वांत जड, त्यांच्या वाट्याला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच शब्द येतात. पहिला प्रश्न सर्वांत नव्या कर्मचाऱ्याने विचारावा. निरर्थक वाटणाऱ्या प्रश्नाला हसू नये, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे. एकदा हसे झालेला माणूस पुढच्या बैठकीत तोंड उघडत नाही, आणि नेमके त्यालाच काही ठाऊक असू शकते.

ग्राहक वाचकांसाठी घरी मुलाबाळांत बसून सोडविण्याजोगे एक प्रसिद्ध कोडे देतो. एक मनुष्य आपली मोटार हाताने पुढे सरकवीत एका हॉटेलपाशी आणतो, आणि तेथे पोहोचताच आपले दिवाळे वाजले हे त्याला कळते. मोटार नादुरुस्त नाही, हॉटेलात तो जेवलेला नाही, आणि कोणत्याही बँकेचे त्याच्यावर कर्ज नाही. उत्तर येथे छापत नाही; घरातील दहा वर्षांच्या मुलाला ते आपल्याआधी सुचण्याचा संभव अधिक आहे.